सोडून देणे

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलंही, "बरं आहे ना?" बरं आहे. गुडघे सोडले तर सगळं बरं आहे. लिहायला सवड नाही, कारण घरात तान्ही बाळं आहेत. दर अडीच तासांनी दूध, रात्री दोनचा गजर, पहाटे पाचचा गजर... वयाच्या ७४ व्या वर्षी!

तर झालं असं. गेल्या शनिवारी सकाळी दूध घ्यायला फाटक उघडलं, तर पायरीवर बुटांचा खोका. वर वहीचा कागद चिकटवलेला. "बाई, तुम्ही मांजरांचं खूप करता. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो." अक्षर वळणदार, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. म्हणजे लिहिणारा किंवा लिहिणारी माझ्याच हाताखालून गेलेली असायची शक्यता आहे. आत चार पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे, निफाडचा पारा रोज पेपरात येतो. एक पिल्लू गार होऊन गेलेलंच होतं. दुसरं सोमवारी दुपारी गेलं. उरली दोन.

या चिठ्ठीला उत्तर द्यायचंय. खाली पत्ता नव्हता, म्हणून इथे देतेय. थोडं रागानेच लिहिलं जाणार आहे. नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे आधी शब्दाबद्दल बोलते. आपल्याकडे मांजराची पिल्लं कोणी "टाकत" नाही, "सोडून येतात". "मंडईत सोडली." "देवळापाशी सोडली." "डेअरीजवळ सोडली, तिथे दूध असतं ना!" किती सोज्वळ क्रियापद आहे पाहा. पोराला शाळेत सोडतात, पाहुण्यांना स्टँडवर सोडतात, तसंच हे. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे मारायला कोणी धजत नाही. पण आठ दिवसांचं पिल्लू थंडीत आईपासून तोडून खोक्यात ठेवलं, तर ते मरतंच. फक्त आपल्यासमोर मरत नाही. सोन्याचं मांजर वाचलं आणि हातही स्वच्छ राहिले, एवढाच काय तो फरक.

हे कठोर वाटत असेल तर ते कसं मरतं ते ऐका. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. ती आईच्या पोटाशी मिळते. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. माया म्हणून कोणी त्याला तसंच दूध पाजलं, तर त्या दुधानेच ते जातं. आधी ऊब, मग दूध, हा क्रम मला जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवला. तोवर दोन पिल्लं माझ्या अज्ञानाने गेली होती. गाईचं दूध दिलं की जुलाब लागतात. बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पालथंच धरावं लागतं, जसं ते आईला लुचतं तसं. शी-शूसुद्धा त्याला आपली आपण होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन आपण बसायचं, दर वेळी. खोका ठेवून जाणाऱ्याने यातलं काय काय मला "सोडलं", ते त्याला कळावं म्हणून लिहितेय.

आणि त्या आईचं काय? पिल्लं काढून नेली की भाटी दूध दाटून ओरडत फिरते. काही दिवसांत ती पुन्हा माजावर येते. साधारण ६५ दिवसांनी पुन्हा व्याते. म्हणजे ज्याने पिल्लांची कटकट नको म्हणून पिल्लं सोडली, त्याच्या जिन्याखाली तीन महिन्यांच्या आत दुसरी पिल्लं हजर! मग पुन्हा खोका, पुन्हा "बाई, तुम्ही खूप करता".

आता तुम्ही म्हणाल, बाईंना उपदेश करायला काय जातं. तर माझंही ऐका. १९८३ साल. आम्ही जुन्या नाशकात वाड्यात राहायचो. माळ्यावर जुन्या गोधड्यांत मांजर व्याली. तीन पिल्लं. पेपर तपासणीचे दिवस होते, घरात सासूबाईंचं आजारपण, आणि माळ्यावरून येणारा वास. मी स्वतः ती पिल्लं कापडी पिशवीत घातली आणि यांना म्हटलं, गंगेवर बाजारात सोडून या. बुधवार होता, बाजार भरलेला होता, कोणीतरी नेईल असं मी स्वतःला सांगितलं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. त्याने विचारलं, पिल्लं कुठे गेली? मी म्हटलं, आजोळी. पुढचे चार दिवस ती मांजर वाड्याच्या प्रत्येक खोलीत जाऊन हाक मारत होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती सात घरं पिल्लांना शोधत फिरली. मी वर्गात जाऊन करुणरस शिकवला.

म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. मी त्याला माझ्यासारखा म्हणते. माझ्या मते ते जास्त वाईट आहे.

निवृत्तीनंतर, यांच्या माघारी, ही पिल्लं सांभाळायचं सुरू झालं. हे "पाळणं" नाही, हे मी नातेवाइकांना शंभर वेळा सांगितलंय. मांजर घरात नीट राहिलं तर पंधरा वर्षं जगतं. माझं गणित कच्चं असलं तरी ७४ अधिक १५ मला करता येतं. पिल्लू पाळून पुढे त्याला पोरकं करायचा मला अधिकार नाही. पण दोन महिने सांभाळायला माझं वय अगदी योग्य आहे. रात्री झोप येतच नाही, दिवसभर घरात असते, आणि बाळंतपणं केलेला हात आहे. पिल्लू खायला लागलं, ट्रेमध्ये जायला शिकलं, लस झाली की चांगलं घर पाहून द्यायचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करते. दिवसाला दहाएक ग्रॅम वाढलं की त्या दिवशी मी पास. १९८३ साली मुलाला जे खोटं सांगितलं, ते आता जमेल तेवढं खरं करत बसलेय, असं समजा.

यावर आक्षेप घेणारेही पुष्कळ आहेत. एकेक घेते.

पहिला, पुण्याच्या नणंदबाईंचा. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका सोसायटीत साडेतीन बीएचके फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरी असल्याची बातमी आली होती. शेजाऱ्यांच्या तक्रारी, महापालिकेची नोटीस, टीव्हीवर चर्चा. नणंदबाईंनी ती बातमी मला पाठवली, खाली फक्त "वहिनी!!!" माझं मत ऐका. तीनशे मांजरी एका घरात ठेवणं चूकच आहे, आणि मांजरांच्याच बाजूने चूक आहे. त्यातलं एक आजारी पडलं तर कळणार कसं? पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाची एक साथ आली तर घर साफ होतं. म्हणून माझ्याकडे एका वेळी पाचांच्या वर पिल्लं नसतात. सहावं आलं तर मी "नाही" म्हणते, आणि ते म्हणताना रडते. पण मला सांगा, तीनशे मांजरी त्या घरात पावलांनी चालत आल्या का? अशा घरांच्या दाराशीही खोके येतच असणार. जो ठेवून घेतो तो वेडा ठरतो, आणि जो सोडून जातो त्याचं नाव कुठेच येत नाही.

दुसरा आक्षेप : "माणसं उपाशी आहेत आणि तुम्ही मांजरांना भरवता." हे म्हणणाऱ्याला मी विचारते, या महिन्यात तुम्ही कोणाला जेवू घातलंत? आजवर एकानेही उत्तर दिलेलं नाही. जे खरोखर माणसांसाठी काम करतात, त्यांच्या तोंडी हे वाक्य मी कधीच ऐकलं नाही.

तिसरा : "जीव लावायचा आणि देऊन टाकायचं, हे तुम्हाला जमतं कसं?" चौतीस वर्षं दर मार्चमध्ये दहावीचा वर्ग देऊन टाकला, तसं जमतं. म्हणजे जमत नाही. संध्याकाळी रिकामा खोका बघून वाईट वाटतं. पण वाईट वाटणं हे काही ठेवून घ्यायचं कारण नव्हे.

चौथा आक्षेप सगळ्यात चिवट. "ऑपरेशन करणं पाप आहे. एकदा तरी आई होऊ द्यावं." हे बहुतेक बायकाच म्हणतात, याचं मला नवल वाटतं. आपण दोन मुलांवर थांबलो तेव्हा पाप झालं नाही आणि मांजरीचं मात्र होतं? फळ्यावर मांडून दाखवते. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. वर्षाला तीन वेळा व्याली आणि दर वेळी चार पिल्लं, तर बारा. त्यातली निम्मी माद्या. बरीचशी मरतात, म्हणून आपल्या गल्लीत जागा उरते. म्हणजे तुमच्या "पुण्या"चा हिशेब त्या मेलेल्या पिल्लांच्या जिवावर जुळतोय. ऑपरेशनला मोबाइलच्या वर्षभराच्या रिचार्जएवढा खर्च येतो. सकाळी न्यायचं, बहुतेकदा संध्याकाळी आणायचं, दहा दिवस टाके जपायचे. संपलं.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! गंगापूर रोडवरून रविवार कारंजाला रिक्षा याहून महाग पडते. तेव्हा पोलिसांची वाट पाहण्यात अर्थ नाही. हे आपलं आपणच करायचं आहे.

बी.ए.ला लीळाचरित्र होतं. त्यातला ससा आठवतो का? शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला. शिकारी मागायला आले, स्वामींनी दिला नाही. त्यांना समजावून परत पाठवलं. आणि मग सशालाही ठेवून घेतलं नाही. भीती सरल्यावर त्याला जायला सांगितलं. म्हणजे सोडलंच. परीक्षेत त्यावर मी अहिंसेबद्दल दीड पान लिहिलं होतं. शेवटचं वाक्य मात्र तेव्हा कळलं नव्हतं. सोडायचं, पण धोका टळल्यावर, त्याला पळता येऊ लागल्यावर. मराठीत क्रियापद एकच आहे. आपण कुठल्या अर्थाने वापरतो, एवढाच प्रश्न आहे.

तर चिठ्ठीवाल्या, किंवा चिठ्ठीवाली, हे तुझ्यासाठी. ती भाटी अजून तुझ्या जिन्याखाली असेल. तिला खायला घाल आणि ऑपरेशनला घेऊन जा. डॉक्टरांकडे एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मी येईन, गुडघे बांधून येईन. पैशांची अडचण असेल तर तेही बघू. पुन्हा कुठे पिल्लं दिसली तर लगेच उचलू नकोस. लांबून दोन-चार तास बघ. आई बहुधा खायला गेलेली असते, ती येते. माणसाचा हात लागला की ती पिल्लांना टाकते, हे खरं नाही. आई असेल तर तिलाच कोपऱ्यात एक खोका आणि जुनी साडी दे, आणि दोन महिने वास सहन कर. दोन महिन्यांनी पिल्लांना घरं शोधायला मी मदत करेन. आईच नसेल तर आधी ऊब दे आणि मला फोन कर. फाटकाशी ठेवून जाऊ नकोस. बेल वाजव. मी ओरडेन, पण दार उघडेन.

आणि "उदंड आयुष्य" नको. त्यापेक्षा एक ऑपरेशन दे.

बाकी वाचकांनाही हेच. कोणाच्या ओळखीत चांगलं घर असेल, खिडक्यांना जाळी असेल, तर सांगा. एक पांढरं आहे, शेपटीवर राखाडी पट्टा. दुसरी तिरंगी, म्हणजे बहुधा मुलगीच. काल दोघांचे डोळे उघडले. अजून सात-आठ आठवडे तरी द्यायची नाहीत, पण चौकशी आत्तापासून झालेली बरी.

असो. साडेअकराची बाटली झाली की पुढचं लिहीन म्हणत होते, पण गजर वाजलाच. पळते.