शेंडेनक्षत्राची नोंदवही



आमच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेली एक गोष्ट आहे. आमची आजी जन्मली तेव्हा आकाशात शेंडेनक्षत्र निघाले होते, एवढीच ती गोष्ट. आजीच्या थडग्याच्या शिळेवर १९१० असे नुसते साल कोरले आहे. महिना नाही, तारीख नाही. घराण्याची वंशावळ लिहावयास घेतलेल्या आमच्या पुतणीने परवा मेलबर्नहून विचारले, "काका, पणजीच्या जन्माचा महिना कोणता लिहू?" आम्ही तत्काळ उत्तर दिले, "१९१० चे शेंडेनक्षत्र म्हणजे हॅलेचा धूमकेतू. तो मे महिन्यात दिसला. मे लिही."

उत्तर दिले खरे. परंतु सारा जन्म शिक्षकी पेशात काढलेल्या माणसाने पुरावा न तपासता उत्तर द्यावे, हे मनास रुचेना. तो पुरावा आम्ही पुढे कसा तपासला हे सांगण्यापूर्वी, धूमकेतूचा माग मुळात काढतात कसा, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी आम्हा सिडनीकरांस दूर जावयास नको.

सिडनीच्या वायव्येस सुमारे ५५ किलोमीटरवर हॉक्सबरी नदीच्या काठी विंडसर हे गाव आहे. तेथे जॉन टेबट (१८३४-१९१६) नावाचे गृहस्थ राहत. घरची शेती, विद्यापीठाचे शिक्षण नाही. आकाशाची गोडी त्यांना लावली ती एडवर्ड क्वेफ या त्यांच्या बालपणीच्या शिक्षकांनी. १३ मे १८६१ च्या संध्याकाळी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, खलाशी वापरतात तसल्या साध्या दुर्बिणीतून त्यांना ताऱ्यांमध्ये एक अंधुक, धुरकट ठिपका दिसला. तो धूमकेतू की आकाशातला एखादा स्थिर अभ्रिकापुंज, हे एका रात्रीच्या दर्शनाने ठरणारे नव्हते. टेबट यांनी घाई केली नाही. सेक्स्टंट या कोनमापकाने त्या ठिपक्याची जवळच्या ताऱ्यांपासूनची अंतरे त्यांनी मोजली, आणि पुढील रात्री पुन्हा मोजली. ठिपका फारच संथपणे सरकत होता, परंतु सरकत होता खास. तेव्हा त्यांनी सिडनीचे सरकारी ज्योतिर्विद रेव्हरंड विल्यम स्कॉट यांस कळविले. पुढे नोंदी वाढल्या तशी त्यांनी कक्षाही गणिताने काढली, आणि जूनच्या अखेरीस पृथ्वी या धूमकेतूच्या शेपटीतून जाण्याचा संभव आहे, असे सांगितले. ते भाकीत खरे ठरले. त्या काळी ऑस्ट्रेलियाहून युरोपास तारायंत्राची सोय नव्हती. त्यामुळे विंडसरच्या शेतकऱ्यास जे दीड महिना ठाऊक होते, ते लंडन-पॅरिसच्या विद्वानांपुढे जूनच्या शेवटच्या रात्री एकाएकी येऊन उभे राहिले!

आता यातील मर्म पाहू. धूमकेतू सूर्याभोवती कोणत्या वाटेने जातो हे जाणण्यास निदान तीन निरनिराळ्या वेळी त्याचे आकाशातील स्थान अचूक मोजावे लागते. पृथ्वीवर गावाचे ठिकाण अक्षांश-रेखांशांनी सांगतात, तसे आकाशात ते क्रांती व विषुवांश यांनी सांगतात. आणि प्रत्येक स्थानापुढे वेळ लिहावी लागते, कारण वेळेवाचून स्थान निरर्थक आहे. तीन स्थानांवरून कक्षेचा पहिला आराखडा निघतो. पुढील प्रत्येक नोंद त्यास दुरुस्त करते. नोंदींचा काळ जितका लांब, तितकी कक्षा नेमकी. १८६१ चा हा धूमकेतू सुमारे ४०० वर्षांनी परत यावयाचा, हे गणितही अशाच नोंदींवर उभे आहे.

आपल्या ताल्मुदात एक प्रसंग आहे. रब्बान गमलिएल व रब्बी यहोशुआ जहाजाने जात असता प्रवास लांबला. गमलिएल यांच्याजवळच्या भाकऱ्या संपल्या. यहोशुआ यांनी मात्र पीठही बरोबर घेतले होते. कारण विचारता ते म्हणाले की, सत्तर वर्षांतून एकदा एक तारा उगवतो आणि तांडेलांची दिशाभूल करतो. हा तारा म्हणजे हॅलेचा धूमकेतू असावा, असा काही विद्वानांचा तर्क आहे. तर्क बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्याने हिशेब ठेवला, त्याची भाकर संपली नाही.

स्थानाचे भाकीत असे पक्के होते. तेजाचे मात्र होत नाही. तेज 'प्रती'त मोजतात. प्रतीचा आकडा जितका लहान, तितके तेज अधिक. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. धूमकेतूचे तेज त्याच्या पृथ्वीपासूनच्या आणि सूर्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असतेच, शिवाय सूर्याच्या उष्णतेने त्याच्यातील बर्फ किती उडेल व धूळ किती सुटेल, यावरही असते. १९७३ साली कोहूटेकच्या धूमकेतूचा केवढा गाजावाजा झाला! प्रत्यक्षात लोकांची निराशा झाली. उलट रॉबर्ट मॅकनॉट यांना ७ ऑगस्ट २००६ रोजी न्यू साउथ वेल्समधील सायडिंग स्प्रिंग वेधशाळेत सतराव्या प्रतीचा जो ठिपका सापडला, तो जानेवारी २००७ मध्ये उणे पाचव्या प्रतीच्याही पलीकडे गेला. सुमारे पाच महिन्यांत तेज जवळजवळ १०० कोटी पट वाढले! २०२५ च्या जानेवारीत ॲटलास धूमकेतू सूर्याच्या अगदी जवळून गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याचे मस्तक विरून नुसती शेपटी उरली. म्हणून तेजाचे वेध रात्रीमागून रात्री घ्यावेच लागतात. गणित मांडून घरी बसता येत नाही.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. २००७ चा तो अपूर्व धूमकेतू आम्ही याच देशात डोळे भरून पाहिला. मुलांना खांद्यावर घेऊन पाहिला. परंतु एक ओळही लिहून ठेवली नाही. आज मुले विचारतात, "बाबा, कोणत्या दिवशी? कोणत्या टेकडीवरून?" आम्हांस सांगता येत नाही. विद्यार्थ्यांस नोंदवही नसल्याबद्दल आम्ही आजवर किती वेळा बोललो असू!

आता आजीची गोष्ट. पुतणीस उत्तर धाडल्यावर आम्ही अलिबागच्या आमच्या वृद्ध मावशीस दूरध्वनी केला. पणजीचे शब्द तिला नीट आठवत होते. "मूल आठ दिवसांचे होते. अंगणात पोपटी लावली होती. दिवस बुडाला नि पश्चिमेला शेंडेनक्षत्र दिसले." पोपटी! वालाच्या कोवळ्या शेंगांची पोपटी आमच्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात थंडीत लागते. मे महिन्यात ती कोठून येणार? पंचांग व जुन्या वेधांचे आकडे पाहिले, तेव्हा उलगडा झाला. १९१० साली धूमकेतू दोन होते. हॅलेचा २० एप्रिलला सूर्याच्या सर्वांत जवळ आला व मे महिन्यात गाजला. परंतु त्याआधी, १७ जानेवारीस, दुसराच एक धूमकेतू सूर्याजवळून गेला. तो भर दिवसाही दिसला, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात संध्याकाळी पश्चिमेस लांब शेपटीसह झळकला. थंडीच्या त्या दिवसांत हॅलेचा अद्याप नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. पणजीने पाहिला तो हा पाहुणा. आजी जानेवारीची! आम्ही पुतणीस तत्काळ दुसरे पत्र लिहिले व पहिल्या उत्तराबद्दल क्षमा मागितली.

अक्षर न जाणणाऱ्या पणजीने तीन गोष्टी अचूक सांगून ठेवल्या: ऋतू, वेळ आणि दिशा. आम्ही पदवीधरांनी तेवढेही केले नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, पुढला धूमकेतू दिसेल तेव्हा घरातील मुलांच्या हाती वही द्यावी. तारीख, वेळ, गाव व दिशा लिहावी. हात ताठ धरून मूठ क्षितिजावर ठेवल्यास ती सुमारे दहा अंश भरते. धूमकेतू किती मुठी वर आहे ते लिहावे. कोणत्या ताऱ्याहून तेजस्वी, कोणत्याहून मंद, तेही लिहावे. दुसऱ्या रात्री पुन्हा लिहावे. आणि तो येईपर्यंत, घरात जी वडीलधारी माणसे आहेत, त्यांच्या आठवणी ऋतू-वेळ-दिशेसह उतरून घ्याव्यात. धूमकेतू कदाचित परत येईल. सांगणारे माणूस परत यावयाचे नाही.