पात्रापात्रविवेक

वाचक माउली, चाळीस वर्षे मी वारीत चाललो आणि त्यातली तीसेक वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गळाही साथ देत नाही आणि गुडघेही नाहीत. म्हणून पालखीमार्गावरच्या माझ्या गावी बसून आल्यागेल्या वारकऱ्यांच्या पाया पडतो. चालत होतो तेव्हा जी गोष्ट कधी दिसली नाही ती आता दरवर्षी दिसते. चालणाऱ्याला पुढचा मुक्काम दिसतो, मागचा रस्ता दिसत नाही. पालखी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो रस्ता कसा असतो, हे गावकऱ्याला विचारावे.

पाण्याच्या बाटल्या, चहाचे पेले, आमटीने बरबटलेली ताटे, बिस्किटांचे कागद. गटारी तुंबतात. शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठावर, मारुतीच्या पारामागे ढीग लागतात. त्यात आषाढाचा पाऊस. उलट्या-सुलट्या पडलेल्या पेल्यांत आणि करवंट्यांत स्वच्छ पाणी साचते, आणि डेंग्यूच्या डासाला नेमके तसलेच पाणी लागते. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे तुम्ही पंढरीला एकादशी करून घरी परतता, तोवर ज्या गावाने तुम्हाला जेवू घातले त्या गावातली पोरे तापाने फणफणू लागतात. आपण ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या दारात रोग ठेवून गेलो, तर त्याला वारी म्हणायचे की आणखी काही, हे तुम्हीच ठरवा.

दान करताना देश, काळ आणि पात्र पाहावे, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे. पात्र म्हणजे घेणारा योग्य माणूस, हा अर्थ कीर्तनात मी शेकडो वेळा सांगितला. पण पात्र म्हणजे भांडेही. अन्न कशात दिले, पाणी कशात भरले आणि रिकामे झालेले भांडे पुढे कुठे गेले, हा अर्थ मी एकदाही सांगितला नाही. तो मला एका प्रसंगाने शिकवला, आणि त्यात दोष माझाच होता. तो आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्याला बोलण्याचा अधिकार मला येईल.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. लोणंदच्या अलीकडे आमच्या दिंडीतली पाण्याची घागर फुटली. एका शेतकऱ्याने गोठ्यातला पांढरा पाच लिटरचा कॅन काढून दिला. त्यावरचा कागद निघून गेला होता. आमच्यातल्या एकाने विचारले, "महाराज, हा औषधाचा तर नसेल?" मी म्हणालो, "राखेने तीनदा घासा, विठ्ठलाचे नाव घ्या आणि भरा." तीनदा घासला, भरला. पहिले पाणी एका चौदा वर्षांच्या पोराने प्यायले. अर्ध्या तासात त्याला ओकारी सुरू झाली, तोंडातून लाळ गळू लागली, अंग घामाने निथळले. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळ्याच्या बाहुल्या पाहिल्या, त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी विचारले, "फवारणीचे औषध कुठे प्यायला हा?" पोरगा वाचला, ही पांडुरंगाची कृपा. पण त्याच्या आईने माझ्याकडे जे पाहिले ते अजून विसरलो नाही. ती काही बोलली नाही. पायाही पडली. ते जास्त लागले.

पुढे मी समजून घेतले. अशा कॅनची मूठ आतून पोकळ असते. धुतले तरी तिच्यात औषध राहते आणि कॅन कलंडला की बाहेर येते. शिवाय काही औषध प्लास्टिकच्या अंगातच मुरते, ते राखेने निघत नाही की साबणाने. त्या डब्यांवर रंगीत चौकट असते: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा विषाचा उतरता क्रम. हिरवा आहे म्हणून तो डबा पाण्याचा होत नाही. रिकामा कॅन फवारणीच्या पाण्यानेच तीनदा खळबळून ते पाणी पंपात ओतायचे, कॅनला भोके पाडायची, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या घरात शिरणार नाही. मी देवाचे नाव घेऊन आज्ञा दिली होती, पण विवेक घेतला नव्हता. नामाने अविवेकाला संरक्षण मिळते, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. भांडी पुन्हा पुन्हा वापरणे हा आपल्याकडचा जुना धर्म आहे. तेलाचा पंधरा किलोचा डबा धान्याला, काचेची बरणी मसाल्याला, फुटका माठ तुळशीला. जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडे घ्यायचे. यात चिक्कूपणा नव्हता. वस्तूचा मान होता. ज्या गाडगे महाराजांचे नाव आपण स्वच्छतेसाठी घेतो, त्यांचे नावच एका भांड्यावरून पडले. डोक्यावर खापर, भूक लागली की तेच जेवायचे ताट. एका गाडग्याने त्या महात्म्याचा संसार भागला. आणि आपण एका दिवसाच्या चालीत सात पेले फेकतो.

यावर काही जण म्हणतात, "मग महाराज, आम्ही काहीच टाकत नाही. घरातली प्रत्येक बाटली, प्रत्येक बादली वापरतो." त्यांना माझे सांगणे आहे की आजी सगळे वापरत होती, पण सगळ्यात सगळे ठेवत नव्हती. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवले तर ते कळकते, हे तिला ठाऊक होते. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, दही मातीच्या गाडग्यात, तूप काचेत. कोणत्या पदार्थाला कोणते भांडे, हे शास्त्र तिच्या हातात होते. आपण तिची काटकसर घेतली आणि शास्त्र सोडले. म्हणून अन्नदानाच्या पंगतीत रंगाच्या रिकाम्या बादलीतून वाफाळती आमटी वाढताना मी पाहतो. घासूनपुसून लख्ख केलेली असते, म्हणून कोणाला काही वाटत नाही. ती बादली रंगासाठी केलेली आहे, माउली, अन्नासाठी नाही.

गोरोबाकाकांची कथा तुम्हाला पाठ आहे. तेरला संतमंडळी जमली, मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवले, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणते मडके भाजले आहे, कोणते कच्चे, हे सांगितले. कच्च्यात पाणी ठरत नाही. आज आपल्या घरात प्रत्येक डब्यावर थापटायची वेळ आली आहे. थापटायचे म्हणजे तीन प्रश्न विचारायचे. पहिला, यात आधी काय होते? औषध, रंग, फिनेल, ॲसिड, इंजिनाचे तेल असेल तर ते भांडे अन्नपाण्याला कायमचे बाद. दुसरा, आता यात काय ठेवायचे आहे? गरम, आंबट आणि तेलकट पदार्थ भांड्याचे अंग खेचून घेतात; त्यांना काच, चिनी माती किंवा स्टील हवे. तिसरा, आत हात जातो का? ज्याचे तोंड अरुंद, ते आतून घासता येत नाही. जे घासता येत नाही ते शुद्ध कसे म्हणायचे?

प्लास्टिकच्या बुडाशी तीन बाणांच्या त्रिकोणात एक ते सात यांपैकी आकडा असतो. पुष्कळांना तो सुरक्षिततेचा शिक्का वाटतो. तसे नाही. तो फक्त जात सांगतो, योग्यता सांगत नाही. एक म्हणजे पाण्याच्या पातळ बाटलीची जात, दोन म्हणजे जाड दुधी कॅनची, पाच म्हणजे डब्या-झाकणांची, सहा म्हणजे थर्माकोलची. आणि जात पाहून योग्यता ठरवू नये, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको. तो औषधाचा कॅनही दोन आकड्याचाच असतो. पाण्याची पातळ बाटली एक-दोनदा भरून प्यायली तर विष चढत नाही. मी खोटे भय घालणार नाही. पण ती एकदा वापरण्यासाठीच बनते. चरे पडतात, तोंड नीट धुतले जात नाही, उन्हात आणि गरम पाण्याने ती मऊ पडते. महिनोन्‌महिने तिच्यात पाणी भरण्याऐवजी तिला तिच्या पुढच्या जन्माला पाठवावे.

हो, पुढचा जन्म. काचेची बरणी फुटली तरी वितळवून पुन्हा काचच होते, कितीही वेळा, आणि तिचा कस कमी होत नाही. मातीतून नवे ॲल्युमिनियम काढायला जितकी ऊर्जा लागते, तिच्यातली जवळजवळ ९५ टक्के जुना डबा वितळवल्याने वाचते. पाण्याच्या बाटलीचे तंतू काढून कापड विणतात. कारखान्यात तिचे तुकडे पाण्यात सोडतात. बाटलीचा तुकडा बुडतो, झाकणाचा तरंगतो, आणि दोन जाती आपोआप वेगळ्या होतात. पण हे केव्हा? बाटली रिकामी, स्वच्छ आणि वेगळी दिली तर. आमटीत बुडालेली, चिखलात रुतलेली बाटली भंगारवालाही घेत नाही. आणि चुलीत घातली तर तिचा धूर चुलीपुढच्या माउलीच्याच छातीत जातो.

काही कीर्तनकार बंधूंचा आक्षेप मी ऐकला आहे: "कीर्तनात कचरा कशाला? आमचे काम नाम सांगण्याचे." महाराज, तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना शुचित्वही मोजले आहे, आणि माउलींनी ते आत-बाहेर असे दोन्हीकडचे सांगितले आहे. आतले तुम्ही सांगता, बाहेरचे कोण सांगणार? दुसरा आक्षेप येतो अन्नदात्यांचा: "एवढ्या लोकांना भांडी कुठून आणायची? आम्ही पुण्यासाठी करतो." तुमच्या पुण्याला मी नमस्कार करतो. पण पंगत उठल्यावर उरते ते उचलण्याची सोय केल्याशिवाय दान पुरे होत नाही. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटवाट्या महाराष्ट्रात २०१८ साली बंद झाल्या, देशभर १ जुलै २०२२ पासून. त्यांच्या जागी कागदी पेला आला आणि आपण निर्धास्त झालो. त्या कागदालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो ना धड कुजतो, ना धड भंगारात जातो. पळसाची पत्रावळ मात्र खतात जाते.

आणि तो उचलतो कोण? आपण फेकलेले वाकून उचलणारे हात पुष्कळदा बायकांचे असतात. पुण्यात १९९३ साली या वेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हणून ओळख मिळू लागली. तोवर त्यांना काय म्हणत होते ते लिहीत नाही. चोखोबांना देवळाबाहेर ठेवले म्हणून आपण आज हळहळतो, आणि आपली उष्टी बाटली उचलणाऱ्या बाईला दोन हात दूर उभी करतो. फुटकी काच कागदात गुंडाळून, वर खूण करून द्या. तिचा हात कापला तर ते आपल्या खात्यावर आहे.

तर मागणे एवढेच. वारीला निघताना पडशीत एक तांब्या आणि एक ताट ठेवा. ओझे पावशेराचे आहे. टँकरचे पाणी तांब्यात घ्या. बाटलीचे पाणी कोणी वाटले तर हात जोडून नको म्हणा, देणाऱ्याचा मान राहील. दिंडीच्या सामानाच्या गाडीला तीन पोती बांधा: एक काचेचे, एक पत्र्या-ॲल्युमिनियमचे, एक बाटल्यांचे. मुक्कामी भंगारवाल्याला बोलावून ती द्या, येतील ते पैसे दिंडीच्या तेला-मिठाला लावा. पंगतीला बसण्याआधी वाढपाची बादली कशाची आहे ते पाहा. आणि घरी गेल्यावर माळ्यावरचा एकेक डबा खाली काढून त्याला तीन प्रश्न विचारा. औषधाचा निघाला तर आजच भोके पाडा.

यंदा पालखी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे काठी टेकत रस्त्यावर जाईन. मागे काय राहिले ते पाहीन. तुमचे कीर्तन कसे झाले, टाळ किती वाजले, हे मला तिथे कळणार नाही. तुम्ही कोण होता, ते मात्र कळेल.

रामकृष्ण हरी.