जीप उंच करणाऱ्यांनी खालचा हिशेबही मांडावा

पाटणची पेठ कोयना आणि केरा नद्यांच्या संगमावर असली तरी तिचे निम्मे गिऱ्हाईक डोंगरावर राहते. मोरणा खोरे, ढेबेवाडी, तारळे, पलीकडे कोयनानगरपर्यंतच्या वाड्यावस्त्या. जिथे एस. टी. वेळेवर जात नाही तिथे वडापची जीप जाते, आणि आमच्यासारख्या कापडवाल्यांचे गठ्ठेही तिच्याच टपावरून जातात. म्हणून जीपचा प्रश्न आमच्याकडे शौकाचा नाही, रोजीचा आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे दगावली, रस्ते वाहून गेले. असे रस्ते पाहिलेला माणूस गाडी चार बोटे उंच हवी म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही.

आता प्रश्न असा की गाडी उंच केली तर शाफ्ट, क्लच, गिअर, एक्सल हेही बदलावे लागतात काय? गॅरेजवाला म्हणतो, काही लागत नाही, संध्याकाळी गाडी घेऊन जा. सुट्या भागांचा दुकानदार म्हणतो, सगळेच बदला. आमचे मत असे की दोघेही आपापला गल्ला पाहून बोलतात. खरे उत्तर दोन गोष्टींवर ठरते: उंची किती वाढवली आणि टायर कोणता घातला.

यात आम्ही स्वतः पोळलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या जीपला एका गॅरेजमध्ये मागे-पुढे लांब शॅकल लावून घेतले. मिस्त्री आमच्या ओळखीचे. आम्ही विचारले, "उस्ताद, आणखी काही करावे लागेल का?" ते म्हणाले, "शेठ, बिनघोर चालवा." पंधरा दिवसांत पन्नासच्या वेगाला गाडी खालून थरथरू लागली. महिन्याभरात रमजान ईदच्या तोंडावर, गठ्ठे भरलेले असताना, चढावर मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर आपटला. नशीब, उतार नव्हता. माल दुसऱ्या जीपने न्यावा लागला, दोन बाजार बुडाले.

पुढे दुसऱ्या एका कारीगराने खाली झोपून आम्हाला जे दाखवले ते इथे सांगतो. पाट्यांची जीप उंच केली की इंजिन आणि गिअरबॉक्स चासीबरोबर वर जातात, पण एक्सल जमिनीवरच राहते. मधला प्रोपेलर शाफ्ट मग जास्त तिरका होतो. शाफ्ट ३० इंची असेल तर २ इंच उंचीने त्याचा कोन सुमारे ४ अंशांनी वाढतो. तोच शाफ्ट ५० इंची असेल तर सव्वादोन अंशांनीच. म्हणून आखूड जीपला त्रास लवकर होतो, लांब कमांडरला उशिरा. तिरका क्रॉस फिरताना एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर हा धक्का आपसात कटतो. लांब शॅकलने मात्र पाटा एका बाजूने ढळतो आणि पिनियनचे तोंड फिरते, मग कोन सारखे राहत नाहीत. शिवाय शॅकल २ इंच लांब केले तरी गाडी जेमतेम १ इंच उचलली जाते. इतक्यासाठी आम्ही दोन बाजार घालवले!

शाफ्टची सरकणारी मान किती बाहेर आली तेही पाहावे लागते. दात जेमतेम अडकलेले असले तर खड्ड्यात चाक खाली पडताच ते सुटू शकतात. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. पुढे तिरकेपणा बदलला की स्टिअरिंग भटकू लागते.

तरीही मूळ टायर ठेवून इंच-दीड इंच वाढवले, पिनियनखाली योग्य पाचर घालून कोन जुळवला आणि नळ्या तपासल्या तर क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन बदलण्याची सहसा गरज नाही. ज्यांना ते बदलायला सांगितले जाते त्यांनी आधी कारण विचारावे.

टायर मोठा झाला की मात्र हिशेब फिरतो. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाटे किंवा स्प्रिंग उंच केल्याने डिफरन्शिअलचा गोळा तसूभरही वर येत नाही, आणि दगडावर आपटतो तो हाच. त्याला वर आणतो फक्त टायर, तोही निम्म्या मापाने. २८ इंचाच्या जागी ३१ इंची टायर घातला तर गोळा दीड इंच वर येतो. बदल्यात चाकाचा एक फेरा जवळजवळ ११ टक्के जास्त रस्ता कापतो. क्राऊन-पिनियनचे प्रमाण ४.३ असेल तर गाडी ३.९ असल्यासारखी ओढते. चढावर भरलेली जीप पहिल्यात हलेना, अर्धा क्लच धरून ठेवावा लागतो, आणि प्लेट जळते. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. जड चाक थांबवायला ब्रेक तेच, फिरवायला हाफ शाफ्ट तेच. जुनी ओढ परत हवी तर सुमारे ४.७५ चे प्रमाण लागेल, आणि गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर पुढचे व मागचे दोन्ही बदलावे लागतील, एक बदलून भागत नाही. हा खर्च टायरपेक्षा मोठा निघतो, आणि नेमका हाच आधी कोणी सांगत नाही.

अलीकडे पावसाळ्यात सडावाघापूरच्या पठारावर उलटा धबधबा पाहायला तरुण मंडळी उंच केलेल्या थार घेऊन येतात. त्या पाहून आमची पोरेही हट्ट धरतात. नव्या थारला पुढे पाटे नाहीत, चाके सुटी-सुटी स्प्रिंगवर आहेत. तिथे उंची वाढवली तर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरके होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, माती आत जाते. शौक करणाऱ्याला ते परवडते. टपावर कापड लादून घाट चढणाऱ्याला परवडत नाही. त्याची गाडी उंच झाली म्हणजे वळणावर कलंडायलाही जवळ झाली.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनी बदललेल्या गाडीकडे कोणत्या नजरेने पाहील हे व्यापाऱ्यांना समजावायला नको.

आमचे खरे म्हणणे आमच्या कारीगर बांधवांना आहे. गॅरेज, वेल्डिंग, पाटे, टायर या धंद्यांत आपली पोरे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या हुनराचा आम्हाला अभिमान आहे. पण थानात विणीचा दोष असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवूनच आम्ही कापड फाडतो. आपल्या फिकहमध्ये खियारे ऐब म्हणून हक्कच आहे, विकणाऱ्याने ऐब लपवला तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. मग शॅकलचे पैसे घेऊन शाफ्टची गोष्ट गिळणे याला काय म्हणावे? चिठ्ठीवर लिहून द्या: उंची इतकी, शाफ्टचा कोन तपासला, टायर याहून मोठा घालू नये. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल.

आणि मालकांनी उंच करण्याआधी एकदा पाटे मोजावेत. वर्षानुवर्षे ओझे वाहून बहुतेक जुन्या जीपचे पाटे बसलेले असतात. त्यांना पुन्हा कमान भरून, तुटलेले पान बदलून घेतले की गाडी आपल्या मूळ उंचीवर येते. शाफ्ट जागेवर, कायदा जागेवर. आम्ही शेवटी हेच केले. काढलेले शॅकल दुकानाच्या माळ्यावर पडून आहेत. गेल्या पावसाळ्यात एक तरुण ते विकत मागायला आला होता, त्याला आधी शाफ्ट मोजून यायला सांगितले आहे.