महाबोधी महाविहार : भांडण श्रद्धेचे नाही, कायद्याचे!

बुद्धगयेचे महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू उपोषणाला बसले. लगेच या लढ्याला ‘हिंदू विरुद्ध बौद्ध’ असा रंग दिला गेला. हा रंग आपण पुसला पाहिजे.

खरा प्रश्न १९४९ च्या बुद्धगया मंदिर कायद्याचा आहे. व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. अध्यक्ष हिंदूच हवा, ही अट २०१३ मध्ये गेली. पण बौद्धांच्या बहुमताची हमी आजही नाही. पुढच्याच वर्षी लागू झालेल्या संविधानाच्या कलम २६ ने प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क दिला. जुना कायदा मात्र तसाच राहिला. तेढ निर्माण होते ती इथे, सत्तेच्या वाटणीत. गावातल्या शेजाऱ्याशी आपले भांडण नाही.

याच लढ्याने जोडलेही. १८९१ मध्ये श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी आवाज उठवला; पुढे भदंत सुरई ससाई यांनी तो बुलंद केला. आज लडाखचा लामा आणि महाराष्ट्राचा भिमसैनिक एकच मागणी करतो.

पण वस्तीत दोन जयंती मंडळे, दोन मिरवणुका आणि सोयरिकीत पोटजात, हे कुठवर? बुद्धगयेत एकी आणि घरी फाटाफूट चालणार नाही. युवकांनो, कायदा वाचा, इतर धर्मीय मित्रांनाही समजावून सांगा, आणि आपली दारे आधी एकमेकांसाठी उघडा.

नमो बुद्धाय! जय भीम!