बाविसावी सीडी का मावली नाही?



दिवाळीच्या साफसफाईत काय काय सापडतं, नाही? आमच्याकडे यंदा माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली आला. आत जुन्या सीडींची चवड. मोजल्या तर बावीस! कुणात सहलीचे फोटो, कुणात मुंजीचे, आणि सगळ्या काठोकाठ भरलेल्या. प्रत्येकीवर छापलेलं : ७०० एमबी.

माझ्या दादाने १६ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला आणि तोंडी हिशोब केला, "सोळा जीबी म्हणजे १६,००० एमबी. भागिले ७००. बावीस वेळा भाग जातो, वर थोडे उरतात. सगळ्या मावतील! उतरवून घ्या आणि डबा भंगारवाल्याला द्या."

सातवीतली पुतणी कामाला बसली. एकवीस सीडी उतरल्या. बाविसावीला मात्र संगणकाने हात वर केले. जागा नाही!

"काका, दुकानदाराने फसवलं का हो आपल्याला?"

फसवलं कुणीच नव्हतं. मग घोटाळा झाला कुठे?

घरात आजी असेल तर विचारा, तोळा म्हणजे किती? जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. शब्द एक, मापं दोन! एमबीचं अगदी तसंच आहे.

संगणक मोजतो दोनाच्या पटीत. दोनाला दोनाने गुणत गेलं, तर दहाव्या घराला येतात १०२४. हजाराच्या हा आकडा अगदी जवळचा, म्हणून १०२४ बाईटना 'किलोबाईट' म्हणायची चाल पडली. या मापाने एक एमबी म्हणजे १०२४ × १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाईट. दुसरं माप सरळ : एक एमबी म्हणजे १०,००,००० बाईट. सीडीवरचा आकडा पहिल्या मापाचा, पेन ड्राइव्हवरचा दुसऱ्या. दादाने जुन्या तोळ्यातून नवा तोळा वजा केला, दुसरं काय!

आता वही-पेन्सिल घ्या. सीडी बाजारात आली १९८२ साली, आणि ती गाण्यांसाठी. म्हणून तिची लांबी मिनिटांत मोजतात. आपली सीडी ८० मिनिटांची. दर सेकंदाला ७५ कप्पे. त्यांना सेक्टर म्हणतात. ८० × ६० × ७५ = ३,६०,००० सेक्टर.

गाण्याच्या सीडीत एका सेक्टरमध्ये २३५२ बाईट असतात. फोटो वगैरे माहिती साठवताना त्यातले २०४८च आपल्या वाट्याला येतात. उरलेले ३०४ खर्च होतात सेक्टरचा पत्ता लिहिण्यात आणि वाचताना झालेल्या चुका दुरुस्त करण्यात. गाण्यात एखादा कण हुकला तर कानाला कळत नाही. पण फाईलमधला एक आकडा हुकून चालेल का?

तेव्हा ३,६०,००० × २०४८ = ७३,७२,८०,००० बाईट. याला १०,४८,५७६ने भागा. आले ना ७०३? तेच ते '७००'!

पेन ड्राइव्हचे १६ जीबी म्हणजे १६,००,००,००,००० बाईट. आणि बावीस भरलेल्या सीडींना लागतात १६,२२,०१,६०,०००. बावीस कोटी बाईट कमी पडले!

डीव्हीडीची गंमत उलटी. तिच्यावरचे ४.७ जीबी हजाराच्या मापाचे. तीच विंडोजच्या संगणकात घातली की आकडा दिसतो सुमारे ४.३८, कारण विंडोज मोजतं १०२४च्या मापाने. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ साली मोठ्या मापांना मेबीबाईट, गिबीबाईट अशी वेगळी नावं दिली गेली. पण बोलण्यात ती फारशी रुळली नाहीत.

म्हणून पक्की खूणगाठ बांधा : दोन वस्तूंची तुलना करायची असेल, तर आधी दोन्हींचे बाईट काढा.

हो, एक सांगायचं राहिलंच. बाविसाव्या सीडीत काय होतं, ठाऊक आहे? माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. आई आता नाही. दादाचा तोंडी हिशोब खरा मानून डबा भंगारात गेला असता, तर तो आवाजही गेला असता. पुतणीने त्या सीडीसाठी दुसरा पेन ड्राइव्ह आणवला, सगळ्या ओव्या लावून ऐकल्या, आणि मगच म्हणाली, "काका, आता झालं."

पालकांनो, तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल तर लवकर उतरवा. सीडी जुन्या होतात, वाचता येईनाशा होतात. प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि उघडून पाहिल्याशिवाय मूळ सीडी टाकू नका.

आता तुमची पाळी. २५ जीबीच्या एका ब्लू-रे तबकडीवर अशा भरलेल्या किती सीडी मावतील? ब्लू-रेचं माप हजाराचं, बरं का! ३५ म्हणाल तर फसाल. उत्तर पुढच्या अंकात!