बिब्बा, ट्यूब आणि लग्नसराई

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर आणि त्याच्या आसपासच्या किनारी गावांत फाल्गुन ते वैशाख हा काळ काजूच्या बियांचा, कडक उन्हाचा आणि लग्नसराईचा असतो, आणि या तिन्ही गोष्टींचा त्वचेच्या संदर्भात एकमेकींशी असलेला संबंध तेथील वैद्यकाने डोळ्यांआड करू नये. काजूच्या टरफलातील दाहक तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल व कार्डोल हे घटक असतात, ते बिब्ब्यातील द्रव्यांच्या जवळच्या नात्यातले आहेत, आणि कातडीला लागले की आधी आग होते, मग फोड येतात, साल निघते व शेवटी जो काळपट डाग मागे राहतो तो पुसट व्हायला कित्येक महिने लागतात. बिब्बा ‘उतला’ असे मराठीत म्हणतात, त्यात हे सारे येते. शेवटच्या डागाला शास्त्रात दाहोत्तर रंगवृद्धी हे नाव आहे: दाहाने चेतवलेल्या रंगपेशी अधिक मेलॅनिन, म्हणजे त्वचेचे रंगद्रव्य, तयार करतात, त्यातील काही खालच्या थरात झिरपते, आणि एकदा तेथे गेलेले रंगद्रव्य वरून लावलेल्या मलमाला सहजी दाद देत नाही.

ही ओळखीची गोष्ट येथे मांडण्याचे कारण असे की, केमिकल पील म्हणून जो उपचार केला जातो तो तत्त्वतः मोजूनमापून घडवलेले ‘उतणे’च आहे. ग्लायकोलिक किंवा तत्सम आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलला जातो, आणि आम्लाची तीव्रता, ते ठेवण्याचा वेळ वा रुग्णाची निवड यांपैकी एक जरी चुकले तरी उजळपणाऐवजी काजूच्या चिकाने होतो तसलाच डाग पदरात पडतो. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढवलेल्या वर्गीकरणात आपल्याकडील बहुतेक रुग्ण चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडतात, तेव्हा गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली मात्रा त्यांना जशीच्या तशी देता येत नाही. केस काढण्याच्या लेसरचेही तेच आहे. आखूड तरंगलांबीचा किरण केसाच्या मुळापर्यंत पोचण्याआधीच वरच्या थरातील मेलॅनिन तो शोषून घेते व कातडी भाजते. सावळ्या रुग्णांत १०६४ नॅनोमीटरचे यंत्र अधिक सुरक्षित मानले जाते ते यामुळे. ज्याच्या हातावर काजूचा जुना डाग दिसतो, त्याची त्वचा दाहाला कसे उत्तर देते हे त्या डागानेच सांगितलेले असते, आणि तो पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

तथापि पील वा लेसरपर्यंत पोचणारे रुग्ण थोडे. मेडिकलमधून ‘चेहऱ्याची ट्यूब’ आणणारे अगणित. मुंबईहून सणाला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून ती गावात येते, एकीला गुण आला की वाडीत फिरते, आणि तिच्यात नेमके काय आहे हे विचारण्याची तसदी बहुधा डॉक्टरही घेत नाहीत. अशा ट्यूबमध्ये अनेकदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण असते. क्लिगमन व विलिस यांनी १९७५ मध्ये सुचवलेल्या सूत्राचे हे वंशज असून वांगावर, ठरावीक आठवड्यांसाठी, देखरेखीखाली ते उपयोगी आहे. रोज रात्री लावायची गोरेपणाची क्रीम म्हणून नव्हे. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवते व रंगपेशींचे काम मंदावते, म्हणून पहिले काही आठवडे चेहरा खरोखरच उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरांचे जाळे दिसू लागते, पुरळ व लव वाढते, आणि ट्यूब थांबवताच चेहरा असा भडकतो की रुग्ण पुन्हा तिच्याकडेच वळतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण जुन्याच चिठ्ठीवर तीच ट्यूब वर्षानुवर्षे जात राहते, आणि ती चिठ्ठी आपल्यापैकीच कोणीतरी लिहिलेली असते. दमट हवेत आणि पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांत हीच ट्यूब गजकर्णावर चोळली गेली की खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.

गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. अकोल्यातील एकाच घरातील तिघींना गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे उघडकीस आले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला, हे २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. पुढे २०२४ मध्ये केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीचा पडदा जाड होऊन लघवीतून प्रथिने वाहून जाण्याच्या विकाराच्या, २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील १५ जणांत नेल-१ हे प्रतिजन आढळले आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराचे काम पारा अडवतो, म्हणून तो घातला जातो. कातडीतून तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवती लावायची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानानेसुद्धा दशलक्षात एका भागाहून अधिक पारा चालत नाही. परंतु ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नावच नाही तिला नियम विचारतो कोण? क्रीम लावणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांखाली व पावलांवर सूज दिसली, तर रक्तदाब मोजून लघवीतील प्रथिनांची पट्टीची तपासणी त्याच भेटीत करावी. ती ग्रामीण दवाखान्यातही होते आणि तिला पैसेही फारसे लागत नाहीत.

उरले ऊन. वेळणेश्वरच्या पुळणीवर ते केवळ वरून येत नाही: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे छत्रीखाली शहाळी विकणाऱ्या किंवा मासळी वाळत घालणाऱ्या बाईला सावलीतही पुरते संरक्षण मिळत नाही. अशा बाईला पील करून ‘आठ दिवस उन्हात जाऊ नका’ असे सांगणे म्हणजे उपचाराच्या अपयशाची जबाबदारी आधीच तिच्यावर टाकून मोकळे होणे होय. तिला आधी पदर, टोपी आणि पुरेशा प्रमाणातील सनस्क्रीन, म्हणजे चेहरा व मानेसाठी दोन बोटांवर पसरेल इतके, यांची सवय लागते का हे पाहावे. वांग असेल तर लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन निवडावे, कारण वांग दृश्य प्रकाशानेही वाढतो. टाचांच्या भेगांना कोकणात लावतात ते कोकमाचे मुठेल मात्र खुशाल चालू ठेवू द्यावे. ते त्वचेतील ओल धरून ठेवते आणि गोरे करण्याचा दावा करत नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हणायचा.

चिकित्सकांकडून अपेक्षा आहे ती वेळेची आणि नोंदीची. रुग्णाला घरातील सर्व ट्यूब, डब्या, अगदी पार्लरमधून सुटी मिळालेली क्रीमसुद्धा, पिशवीत घालून आणायला सांगावे; त्यांवरील घटक वाचून केसपेपरवर उतरवावेत; स्टिरॉइड दिले तर किती दिवस, बोटाच्या पेरभर म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम याप्रमाणे किती मात्रा, आणि कोणत्या तारखेला बंद, हे चिठ्ठीवर मराठीत लिहावे. पील वा लेसर करायचेच असेल तर कानामागे छोट्या जागेवर चाचणी करून काही आठवडे वाट पाहावी. वैशाखात लग्न असलेल्या मुलीची ही सारी तपासणी वेळणेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेच्या सुमारास झालेली असावी, आणि जी हळदीच्या आठ दिवस आधी येईल तिला सनस्क्रीन देऊन पीलला नकार द्यावा.