फुलांचे भेद आणि नावांचा हव्यास

भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात वसंतात उमलणाऱ्या ऑफ्रिस गटातील रानटी ऑर्किडांच्या जाती किती, याबाबत अभ्यासकांचे एकमत नाही. पिएर देलफोर्ज यांनी २००६ च्या सुमारास त्या अडीचशेच्या घरात मोजल्या. पेडरसन आणि फाउरहोल्ट यांनी २००७ मध्ये १९ मानल्या. पुढे २०१८ मध्ये जनुकीय अभ्यासातून बेटमन व सहकाऱ्यांना ९ च ठळक गट दिसले. एकाच फुलांविषयी एवढे अंतर पडते, तेव्हा वर्गीकरणाच्या निकषांकडेच पाहावे लागते.

वाद जुना आहे. लिनिअसने १७५३ मध्ये माशीसारखे आणि मधमाशीसारखे दिसणारे फूल एकाच ‘ऑफ्रिस इन्सेक्टिफेरा’ या नावाखाली ठेवले. १७६२ मध्ये हडसनने त्यातून ‘एपिफेरा’ वेगळी काढली. हा भेद रास्त होता. पुढे मात्र ओठासारख्या पाकळीची लांबी, कडेची लव, मधल्या चकाकत्या डागाचा आकार अशा बारीकसारीक फरकांवरही नावे वाढत गेली.

वस्तुतः या फुलाचा खरा वाचक नर कीटक आहे. फुलात मध नसतो. मादीचे रूप आणि विशेषतः तिचा गंध यांना भुलून नर पाकळीशी मीलनाचा प्रयत्न करतो आणि पराग घेऊन जातो. पुयान यांची अल्जीरियातील ही निरीक्षणे १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘स्फेगोडेस’ या जातीचा गंध परागवाहक मधमाशीच्या मादीच्या गंधाशी रासायनिकदृष्ट्या जुळतो, हे १९९९ मध्ये दाखवले गेले. आपण डाग मोजतो, पण नर ज्या गंधावरून निवड करतो तो आपल्या मोजपट्टीत येत नाही. तरीही गंधाला अंतिम प्रमाण मानता येत नाही. कीटक चुकतात, संकर होतात.

म्हणून नावे मोजकी ठेवावीत, असे माझे मत आहे. त्यावरचा आक्षेप गंभीर आहे: नाव गेले की एखाद्या बेटावरचा दुर्मीळ समूह ‘सर्वत्र आढळणाऱ्या’ जातीत जमा होतो आणि त्याच्या संरक्षणाचा आग्रह दुबळा होतो. तुर्कस्तानात तर सालेपसाठी रानटी ऑर्किडांचे कंद आजही खणले जातात. यावर उपाय म्हणून फरक फुगवण्यापेक्षा तो समूहच संरक्षणास पात्र मानावा, आणि त्याचे वेगळेपण नावाविनाही तपशिलाने नोंदवावे. वाङ्मयीन प्रवाहांना लेबले लावून कृतींचे वाचन थांबवणाऱ्या आपण अभ्यासकांनाही ही शिस्त हवी आहे.